नऊ मिनिटं मागे

लातूरच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे. एका नोकरभरतीची ऑनलाइन परीक्षा आमच्याकडे होती. साडेनऊला उमेदवार येऊन बसले आणि प्रत्येक स्क्रीनवर एकच ओळ उमटली : वेळ जुळत नाही, लॉगिन नाकारलं.

आमच्या सर्व्हरचं घड्याळ नऊ मिनिटं मागे होतं. पेपर ज्या मुख्य सर्व्हरवरून उघडायचा, त्याला एवढा फरक चालत नव्हता.

मी मोबाइलमध्ये बघून हाताने वेळ लावली. पहिल्या रांगेतले चौघे आत गेलेसुद्धा. मिनिटभरात घड्याळ परत मागे आलं आणि चौघेही बाहेर पडले. पुन्हा लावली, पुन्हा तेच.

निरीक्षक मागेच उभे होते. "मॅडम, दहाला पेपर उघडला नाही तर सेंटर रद्द करा म्हणून कळवावं लागेल मला."

तिशी उलटलेली एक बाई जागेवरून उठून आली. "मॅडम, चाकूरच्या पुढून आलेय, लेकरू सासूजवळ ठेवून. वयात बसणारी ही शेवटची परीक्षा हाय माझी. हुईल न्हवं?"

"होईल, बसा," मी म्हटलं. मला तर काहीच सुचत नव्हतं. त्यात आठवलं, आठवड्यापूर्वी सर्व्हरवर पिवळी सूचना आली होती, बाहेरून वेळ मिळत नाही म्हणून. ती बंद करून मी चहाला गेले होते.

घड्याळाला मागे ओढतंय तरी कोण? सर्व्हर ज्यांच्याकडून वेळ घेतो त्यांची यादी उघडली. तीन पत्ते इंटरनेटवरचे. तिघांकडूनही उत्तर नाही. चौथा आमचाच, स्टोअररूममधला जुना सर्व्हर. त्याच्या घड्याळाचा सेल कधीच संपलेला. बाकी कुणी बोलत नाही म्हणून नवा सर्व्हर त्याचंच ऐकत होता. मी धावत जाऊन त्याची केबल उपटली. पण आता वेळ देणारा एकही उरला नाही, म्हणून हाताने लावलेली वेळ मुख्य सर्व्हर धरेचना.

बाहेरचे तिघे गप्प, कारण बाहेरची ये-जा अडवणारी नवीन फायरवॉल. ती बसवणाऱ्या नांदेडच्या माणसाला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला, मागे हॉर्नचा कालवा.

"ताई, ऑटोत हाय मी."

"वेळ ज्यातून आत येते तो पोर्ट बंद केलात का तुम्ही? एकशे तेवीस?"

"सगळंच बंद केलतं. हे लागतं म्हणून कुणी सांगितलंच न्हाई."

"आत्ता उघडा! माणसं बसलीत इथे!"

"लॅपटॉप काढून राहिलो, फोन ठेवू नका." मग ऑटोवाल्याला म्हणाला, "दादा, बाजूला घ्या जरा."

दहा वाजून गेले. निरीक्षकांनी वर बोलून पंधरा मिनिटं मागून घेतली होती. त्यातली दहा सरली तेव्हा पहिल्या पत्त्याचं उत्तर आलं. मग दुसऱ्याचं. फरक शून्यावर आला. लॉगिन होऊ लागलं, एकेक रांग करत सगळे आत गेले. मी स्टोअररूममध्ये जाऊन फरशीवर बसले आणि रडले.

अहवालात मी ती पिवळी सूचनाही लिहिली. महिन्याभरात लॅब माझ्याकडून काढून घेतली, मला प्रवेशाच्या खिडकीवर बसवलं. त्या बाईचं काय झालं, कळलं नाही. पेपर सुटल्यावर ती माझ्यासमोरूनच गेली, पदर खोचून, चाकूरची बस गाठायला, जवळजवळ पळतच.