थकलेलं औषध

घाटनांदूरच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांचा शब्द शेवटचा, पण एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत सत्यभामाबाईंचा. ही चौथी शिकलेली बाई फरशी पुसायला म्हणून लागली आणि तीस वर्षांत एक्स-रे धुण्यात तरबेज झाली. शहरात आता एक्स-रे कॉम्प्युटरवर दिसतात. इथं अजून लाल दिव्याखाली फिल्म डेव्हलपरच्या टाकीत बुडवावी लागते. बाई त्याला 'औषध' म्हणत. औषध माणसासारखंच राबून थकतं, आणि थकल्यावर खोटं बोलतं, असं त्यांचं ठाम मत. कधी बदलायचं ते त्या रंगावरून सांगत आणि सहसा चुकत नसत. चुकल्या तरी कबूल करणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

भाचीच्या लग्नाला चार दिवस नेकनूरला जाऊन त्या परतल्या, तेव्हा आसाराम मेंढपाळ बाकावर बसला होता. मेंढरामागं उतारावरून घसरून घोट्याचा पार भोपळा झालेला. शेजारी बायको मनकर्णा. दुसऱ्या दिवशी पहाटे कळप घेऊन निघायचं होतं.

तरुण डॉक्टर विजयसिंह नुकताच धुतलेला एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले, "हाड शाबूत आहे. मुरगळलाय नुसता. पट्टी बांधतो, चाला खुशाल."

आसाराम उठलासुद्धा. तेवढ्यात बाईंची नजर फिल्मवर गेली आणि त्यांचा पारा चढला. फिल्म पांढुरकी, पाणचट ताकासारखी. हाड नाही तिथं ती काळीकुट्ट हवी. बाईंनी नेमकं तिथंच मागून बोट धरलं. बोट दिसलं, अंगठीसकट.

"डॉक्टरसाहेब, ह्यात माजी अंगठी दिसायलीय. हाडाची चीर कशी दिसंल?"

त्या तडक आत गेल्या. लग्नाला जाताना टाकी चार बोटं कमी होती, आता काठोकाठ.

"औषध कमी झालं होतं," डॉक्टर मागून म्हणाले, "म्हणून पाणी घातलं."

"पाव्हणे वाढले की आमटीत पाणी, तसं? आमटीला तिखट-मीठ टाकून निभतं. हे आदीच थकल्यालं, त्यात तुमी पाणी वतलं. नवं कावून केलं न्हाई?"

"एकच पुडा उरलाय, मावशी. दुसरा सोमवारशिवाय येत नाही. आणि नव्यातही काही दिसलं नाही तर?"

बाईंनी दारातून आसारामच्या घोट्याकडे पाहिलं. मेंढपाळाचं सगळं पोट पायावर; मोडक्या पायानं तो कळपामागं चालला तर जन्माचा लंगडा होणार. त्यांना खरंच भीती वाटली.

"तर मी चुकले म्हनून चारचौगांत सांगते," त्या म्हणाल्या आणि पदर खोचला.

टाकी रिकामी करून घासली. कोमट पाण्यात पूड विरघळवली, खुणेपर्यंत पाणी भरलं. ते गार व्हायला टाकीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, रसवंतीवरून बर्फ आणून लावला. थर्मामीटर बघत तासभर बसल्या. मग डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढला आणि बाई फिल्म घेऊन आत गेल्या.

घड्याळ लावून पाच मिनिटं. चित्र पक्कं करणाऱ्या पुढच्या टाकीतून निथळती फिल्म बाहेर आणून त्यांनी आधी मागं बोट धरलं. बोट गायब! आणि घोट्याच्या पांढऱ्याशुभ्र हाडात केसाएवढी काळी रेघ.

डॉक्टर फिल्म घेऊन उजेडाला गेले. मग आसारामजवळ येऊन खाली बसले. "मामा, हाड मोडलंय. मघाशी मी चुकीचं सांगितलं. प्लास्टर घालतो. सहा आठवडे पाय टेकवायचा नाही."

"अन् मेंढरं कोन नेनार?" आसाराम कळवळला.

"मी काय त्यांची पाव्हणी हाय?" मनकर्णा म्हणाली. "मी नेते."

सकाळी बाई दवाखाना उघडत होत्या, तर रस्त्यानं मेंढरं चाललेली. उजाडूनही गेलं होतं. निघायला उशीर झाला तो आसारामला घोड्यावर चढवण्यात. पुढं काठी घेऊन मनकर्णा, मागं सामानाच्या घोड्यावर प्लास्टरचा पाय लोंबकळत आसाराम. दवाखान्यासमोर त्यानं पिशवीतून एक्स-रे काढला, आभाळासमोर धरला, मागं बोट लावलं आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडला,

"अक्का, बोट दिसंना!"