रिकामा डबा कोर्टात

माझ्याविरुद्ध कोर्टात आजवर एकच पुरावा सादर झाला आहे. तो म्हणजे स्टीलचा एक डबा. चार पुऱ्या आणि थोडं लोणचं मावेल एवढासा.

माझं हे दुसरं लग्न, आणि नवऱ्याचंही दुसरंच. त्यामुळे दोघांच्याही अपेक्षा बेताच्या आणि संसार बरा. अकोल्याबाहेर आमचा फुलांचा मळा आहे. नवऱ्याला पहिल्या बायकोपासून झालेली नऊ वर्षांची मुलगी आहे, ती आईजवळ, अमरावतीला आजीच्या घरी राहते. घटस्फोटात ताबा आईकडे गेला आणि बापाच्या वाट्याला आले महिन्यातले दोन शनिवार, तेही अमरावतीच्या कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, दोन तास. लग्नानंतर आम्ही अर्ज केला, की उन्हाळ्याच्या सुट्टीत चार दिवस तरी पोरीला अकोल्याला येऊ द्या. अर्जावर सही नवऱ्याची होती, परीक्षा मात्र माझी होती. कारण तिच्या आईची हरकत एकच होती: त्या घरात आता सावत्र आई आहे.

मला मूल नाही. ही पोरगी आपल्या अंगणात चार दिवस नाचावी, एवढंच मला हवं होतं, आणि ते इतकं हवं होतं की मी बारीकसारीक गोष्टींना घाबरायला लागले होते.

लग्नानंतरच्या पहिल्या शनिवारी मी नवऱ्यासोबत गेले. पोरगी आली ती खाऊचा डबा घेऊन. आजीने त्यात आमच्यापुरत्याही पुऱ्या दिल्या होत्या. जावयाशी कोर्टात भांडण चालू असलं तरी तो उपाशी बसलेला बघवत नाही, असा त्या बाईंचा स्वभाव. मी पोरीसाठी बेसनाचे लाडू नेले होते, परत जाताना तिच्या डब्यात घालायचा माझा बेत होता. पण आमच्या वकिलांनी मला व्हरांड्यातच अडवलं. ते पुण्याचे, नुकतेच इकडे आलेले. म्हणाले, "खाण्याचं काहीही देऊ नका. उद्या मुलीचं पोट दुखलं, तर सावत्र आईने काय खाऊ घातलं, हाच प्रश्न निघेल."

ऐकावं जनाचं, करावं मनाचं, असं म्हणतात. मी मनाचं गुंडाळून ठेवलं आणि वकिलाचं ऐकलं. नळावर जाऊन डबा असा घासला की त्यात माझं तोंड दिसायला लागलं. ओढणीने पुसला आणि झाकण लावून पोरीच्या हातात दिला. लाडू परतीच्या बसमध्ये आम्ही दोघांनी खाल्ले. वरून मला वाटत होतं, काय छान केलं मी.

पुढच्या तारखेला आम्ही सगळे न्यायाधीशांसमोर उभे होतो. पोरीची आई मान खाली घालून होती. त्यांच्या वकीलबाई काही बोलणार, तेवढ्यात मागून आजी पुढे आल्या आणि पिशवीतून तो डबा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. ठण्णकन आवाज झाला. त्यांच्या वकीलबाईंच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की त्यांनाही याचा पत्ता नव्हता.

"आजी, यात काय आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"काहीच नाई, सायेब. तेच तं दाखवाले आनलं."

"म्हणजे?"

"रिकामा धाडला, सायेब! लेकराच्या हाती! साखरेचे चार दाने टाकाले का हात मोडले होते हिचे? जी बाई डबा रिकामा वापस करते, ते माह्या नातीचं पोट काय भरन?"

आमचे वकील उठले आणि म्हणाले, "या डब्याचा प्रकरणाशी काहीही संबंध नाही." पण त्यांच्याकडे कोणी पाहिलंच नाही. न्यायाधीशांनी चष्मा काढला. टायपिंग करणारी बाई थांबली. दाराशी उभ्या शिपायाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळातून चपला चोरल्या. आणि खरं सांगू? मलाही पटलं. आमच्या घरी शेजारणीची वाटीसुद्धा कधी रिकामी गेली नाही. काही नसेल तर आई कढीपत्त्याची काडी ठेवायची.

"खरंच रिकामा दिला?" न्यायाधीशांनी मला विचारलं. आवाजात थोडं दुःखच होतं.

"हो," मी म्हटलं. "लाडू आणले होते. पण वकील साहेब नाही म्हणाले."

सगळ्या माना वकिलांकडे वळल्या. न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

"पुण्याचा, सर."

"हं," न्यायाधीश म्हणाले. त्या 'हं'मध्ये आमच्या वकिलांचा निकाल लागला. आजींनीसुद्धा त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू बिचाऱ्याला कोणी वळणच लावलं नाही.

मग न्यायाधीशांनी पोरीला आत बोलावून तिच्याशी एकटीशी गप्पा मारल्या. बाहेर आल्यावर चार दिवसांची परवानगी दिली, रोज संध्याकाळी आईशी फोनवर बोलणं करून द्यायचं या अटीवर. पोरीची आई तेव्हा पहिल्यांदा बोलली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिले तिथं कोनी काही म्हटलं, तं मी त्याच दिवशी न्याले येईन."

मी मनाशी शपथ घेतली, पोरीला रागाने एक शब्दही बोलायचा नाही.

मे महिन्यात पोरगी आली. मला मावशी म्हणायची. मी तिच्याशी इतकी गोड वागले, की नवऱ्याला मळमळायला लागलं. तिने सकाळी आठला आइस्क्रीम मागितलं, मी दिलं. तिने माझ्या नव्या ओढणीचा झोका बांधला, मी म्हटलं, "वा, बेटा!" तोडून ठेवलेला टोपलीभर मोगरा तिने बकरीला खाऊ घातला, तरी मी हसले. नवरा म्हणाला, "तू काहून अशी करून राहिली? बिमार हायेस का?" पोरगीही माझ्याकडे जरा संशयानेच बघत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी घरातून बाहेर आले, तर पोरगी विहिरीच्या कठड्यावर दोन्ही हात पसरून चालत होती.

मग कुठली शपथ आणि कुठलं कोर्ट! माझ्या पोटातूनच आवाज निघाला, "उतर खाली, गधडे! आधी उतर!" तिने उडी मारली. मी दंडाला धरून तिला ओट्यापर्यंत आणलं आणि माझ्या आईकडून शिकलेल्या सगळ्या शिव्या संपेपर्यंत थांबले नाही. ती रडली. रडता रडता म्हणाली, "आईले सांगतो मी."

संध्याकाळी फोन वाजला. तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं, "मावशी रागावली. गधडी म्हने मले." नवऱ्याने डोक्याला हात लावला. मग पोरीने फोन माझ्यापुढे धरला. उद्या सकाळच्या बसने पोरगी जाणार, आणि ती पुन्हा कधी येणार नाही, हे मी धरूनच चालले होते.

"काहून रागावल्या?" आईने विचारलं.

"विहिरीच्या कठड्यावर चालत होती."

मग प्रश्न आला, "सांगितल्यावर उतरली का लगेच?"

"लगेच."

"मी तं तीनदा वरडल्याशिवाय उतरत नाई," ती म्हणाली. तिचा आवाज जरासा हिरमुसलेला होता. ती पुढे म्हणाली, "परवा नोका आनू तिले. अजून आठ दिवस राहू द्या. आन् पुन्हा चढली, तं पुन्हा रागवजा."

मी कसंबसं "हो" म्हटलं. फोन ठेवला आणि ओट्यावर बसून मोठ्याने रडायला लागले. पोरगी घाबरली. जवळ येऊन माझी ओढणी ओढत म्हणाली, "मावशी, रडू नोको ना. मी नाई चढत आता."