दोन नंबरच्या मशीनची सुरावट

जालन्याच्या शाळेत प्रार्थनेसाठी एक जुना पियानो होता. त्यावर मी शिकले. नीट वाजवता येऊ लागल्यावर मला नीट वाजवण्याचा कंटाळा आला, असं मी सांगायचे. खरं म्हणजे अवघड जागा माझ्या बोटांना झेपतच नव्हत्या. मग मी तारांमध्ये चमचे अडकवले, कोपरानं पट्ट्या दाबल्या आणि त्याला नवसंगीत म्हटलं.

ऐंशीच्या दशकात शाळेच्याच सभागृहात माझा पहिला कार्यक्रम झाला. वीसेक मिनिटांनी आष्टीचे माझे मामा स्टेजजवळ आले आणि मायेनं म्हणाले, "पोरी, जल्दी न्हाई. बराबर जुळवून घे, मंग सुरू कर. आम्ही बसून राह्यलो."

कार्यक्रम संपत आला होता, हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही.

लग्नानंतर मंठ्याला आले. सासरचं कापसाचं जिनिंग होतं. पियानो नव्हता, म्हणून नवऱ्यानं कीबोर्ड आणि टेपरेकॉर्डर आणून दिला, आणि मी इलेक्ट्रॉनिक संगीतकार झाले. जिनिंगमधल्या यंत्रांचे आवाज टेप करायचे, त्यांवर कीबोर्डचे सूर चढवायचे. घरी येईपर्यंत केसांत इतका कापूस असायचा, की सासूबाई आधी मला झटकायच्या, मग घरात घ्यायच्या.

एक रचना अर्धीअधिक झाली. नवऱ्याला ऐकवली, तो झोपला. मग जिनिंगच्या म्हाताऱ्या फिटरला बोलावलं. डोळे मिटून, मान वाकडी करून तो ऐकत राहिला. मध्येच हात वर करून म्हणाला, "मागं घ्या जरा."

मी टेप मागं घेतली.

"अजून एकदा."

मला भरून आलं. "कसं वाटलं, काका?"

"वैनी, हे दोन नंबरच्या मशीनचं हाय. बेरिंग गेलं त्याचं!" म्हणत तो अनवाणीच पळाला.

त्याच दिवशी बेरिंग बदललं. तोवर माझ्या कामाला 'खडखड' म्हणणारे सासरे पाहुण्यांना सांगू लागले, "आमच्या सूनबाईचा कान बिलकुल पक्का हाय."

माझी पंचाईत वेगळीच. मशीन आता गुळगुळीत चालत होतं आणि उरलेल्या रचनेसाठी टेप करायचा मुख्य सूरच गेला होता. आठवडाभर कीबोर्डवर तो शोधला. फार तर मांजराचं ओरडणं निघालं. रचना तशीच राहिली.

पुढं दर हंगामाआधी फिटर दारात यायचा. "वैनी, चला, सगळ्या मशिनी ऐकून घ्या." मी जायचे. मन लावून ऐकायचे. आणि सगळं ठीक निघालं, की मनातून थोडी खट्टू व्हायचे.