झाकणावरचा हात

शेजारचे काका आयुष्यभर निजामपुऱ्यात कापड विणणाऱ्या लूमवर राबले. माझा रंगीत लेझर प्रिंटर सुरू झाला की ते येतात आणि शेवटचं पान पडेपर्यंत झाकणावर तळवा ठेवून उभे राहतात. "चालती मशीन एकटी सोडायची न्हाय, ताई."

परवा मी पडघ्याहून मोबाइलवरूनच क्लासच्या प्रश्नपत्रिका प्रिंटला पाठवल्या. घरी आले तर काका प्रिंटरशेजारी स्टुलावर बसलेले. आमची किल्ली त्यांच्याकडेच असते.

"भिंतीतून आवाज आला. घरात कोन न्हाय, म्हनून आलो."

"पानं तर केव्हाच निघाली, काका."

"अजून गरम हाय," ते हात न काढता म्हणाले.

जवळ कुणी थांबायला नको, म्हणून तर वायरलेस प्रिंटर घेतला होता. आता बाहेरून प्रिंट पाठवण्याआधी मी काकांना फोन करते.