दुसऱ्याच्या हातचं काडतूस

माझा थोरला भाऊ वाल्फ्रिड निवृत्त होईपर्यंत काउंटीची, रस्त्यावरचा बर्फ ढकलायची गाडी चालवायचा. ज्याच्याशी त्याचं वाजलं असेल त्याच्या दारात तो मुद्दाम बर्फाचा डोंगर लावून जायचा. पाद्र्याच्या दारात लावला, मुख्याध्यापिकाबाईंच्या दारात लावला, आणि माझ्या दारात तर इतक्यांदा लावला की फावडं मी घरातच, दाराशी ठेवायला लागले. वर दुकानात भेटला की विचारणार, "काय ऐली, आज उशीर झाला वाटतं?" असा हा मनुष्य. त्याच्याबद्दल गोड काही ऐकायचं असेल तर दुसरं घर गाठा.

बायको त्याच्यापाशी टिकली नाही. कोण टिकणार? मूलबाळ नाही. जीव लावला तो माझ्या लेकीवर, कार्लावर, आणि तोही असा की पोरगी गुदमरून जावी. कार्लाचा बाप ती लहान असतानाच तलावावरचा बर्फ फुटून बुडाला. त्यानंतर तिला गाडी चालवायला, मासे साफ करायला, नेम धरायला मामानेच शिकवलं. ते मी नाकारत नाही. पण शिकवलं म्हणजे काही विकत घेतलं नाही ना?

आमच्याकडे हिवाळा संपता संपत नाही. तेव्हा क्लबच्या तळघरात रिव्हॉल्वरचे सामने चालतात आणि काडतुसं जो तो आपापल्या घरी, हँडलच्या प्रेसवर भरतो. उडवलेली पितळेची पुंगळी दाबून पुन्हा मापात आणायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत बंदुकीची चिमूटभर दारू, तोंडाशी शिशाची गोळी. ही चिमूट एवढीशी असते की पुंगळी अर्ध्याहून जास्त रिकामीच राहते. चुकून दुसरी चिमूट पडली तरी आरामात मावते, आणि गोळी बसल्यावर बाहेरून ब्रह्मदेवालाही कळत नाही. कळतं ते चाप ओढल्यावर, रिव्हॉल्वर हातात फुटलं की. म्हणून दुसऱ्याच्या हातचं काडतूस आमच्यात कोणी उडवत नाही. सासरा जावयाला घर देईल, गाडी देईल, काडतूस देणार नाही, आणि दिलं तरी जावई घेणार नाही. त्यात कोणाला राग येत नाही.

अपवाद एकटी कार्ला. ती लहानपणापासून मामाच्या हातची काडतुसं उडवायची, आणि जिंकली की मामा क्लबभर सांगत फिरायचा, "नेम तिचा, पण भरलंय कोणी?" ती तिशीला आली, दातांच्या दवाखान्यात नोकरीला लागली, तरी ह्याचं तेच. "भरलंय कोणी?" मला ऐकून ऐकून वीट आला होता. तिला तर किती आला असेल.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर तिने जेवताना सांगून टाकलं, "आई, मी माझी प्रेस घेते. टरेट घेते."

बंदुकांच्या दुकानात आम्ही दोघी गेलो, तर वाल्फ्रिड आमच्या आधी येऊन काउंटरला टेकून उभा. कोणी बोलावलं होतं? कोणी नाही. दुकानदाराकडून त्याला कळलं होतं.

"ते खेळणं घेणार तू?" त्याने सुरुवातच अशी केली. "आळशी लोकांसाठी असतं ते. माझ्या प्रेसवर एका वेळी एकच काम. आधी सगळ्या पुंगळ्या दाबायच्या, मग सगळ्यांत दारू, मग लाकडी फळीवर ओळीने मांडून बॅटरी लावून आत बघायचं, मगच गोळ्या. चाळीस वर्षं झाली, माझी बोटं जागेवर आहेत."

"मामा, दवाखान्यातून आल्यावर मला तासभर मिळतो," कार्ला म्हणाली. "तुझ्या पद्धतीने माझा आठवडा जाईल."

तिने काउंटरवरची एक प्रेस पुढे ओढली. टरेटच्या डोक्यावर जाडजूड चकती असते आणि तिच्यात चारी कामांची अवजारं एकदम बसवलेली असतात. पुंगळी खाली एका जागी उभी; हँडल एकदा ओढायचं, चकती हाताने एक घर पुढे फिरवायची, पुन्हा ओढायचं. दारूच्या खेपेला चिमूट आपोआप पडते, आणि चार खेपांत काडतूस तयार. कार्लाने चकती दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली. स्वस्तातली होती ती, डगडगत होती. तिने ती बाजूला सारली. दुसरी ओतीव लोखंडाची, हलवली तर हूं की चूं नाही. ही चकती अख्खी उचलून दुसऱ्या मापाची बसवता येत होती, म्हणजे अवजारं पुन्हा पुन्हा जुळवायला नकोत. दुकानदार तिसरं एक यंत्र दाखवायला लागला, एका ओढीत सगळी कामं करणारं.

"नको," कार्ला म्हणाली. "एका वेळी चार ठिकाणी लक्ष नाही देता येणार मला. ह्यात प्रत्येक पुंगळी माझ्या डोळ्यांसमोर थांबते. दारू पडली की आत बघेन आणि मगच पुढे."

"बघशील दोन दिवस," वाल्फ्रिड म्हणाला. "तिसऱ्या दिवशी गप्पा मारत ओढशील."

"तू जा बरं घरी," मी म्हटलं. "तुझ्या खिशातून घेत नाहीये ती."

आमच्या तळघरात, सौनाच्या, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीबाहेर, जाड फळीच्या बाकावर तिने ती बोल्टांनी आवळली. तिचा नियम कडक होता. कामातून उठायचं झालं तर प्रेसवरची पुंगळी काढून दारू ओतून टाकायची आणि परत पहिल्यापासून. मी जेवायला हाक मारली तरी आधी ओतणार, मग वर येणार. तयार काडतुसाच्या बुडावर ती हिरव्या पेनाने रेघ ओढायची, म्हणजे आपलं कोणतं ते क्लबात लगेच ओळखता यावं. त्या हिवाळ्यात ती एकामागून एक सामने जिंकत गेली, आणि वाल्फ्रिडला सांगण्यासारखं काही उरलं नाही. तोंड असं करून बसायचा की दूध नासावं.

अंतिम सामन्याच्या आदल्या शनिवारी तो नेहमीसारखा सौनाला आला. कार्ला कामावर होती. सौना तापेपर्यंत मी वर नीसू, आमचा वेलदोड्याचा गोड पाव, भाजत होते. खालून तिच्या प्रेसच्या हँडलचा आवाज आला, तेव्हा मला वाटलं, खोड्या काढतोय, काढू दे. तेवढ्यात तो अर्ध्या जिन्यात येऊन ओरडायला लागला.

"ऐली! ही कॉफी केलीस की भांडी विसळलीस?"

"नको असेल तर ओत, आणि स्वतःच्या घरी जाऊन कर!"

मग आमचं जुंपलं. कॉफीवरून निघालं ते आईच्या घड्याळावर गेलं, तिथून माझ्या नवऱ्यावर. मेलेल्या माणसालाही त्याने सोडलं नाही. दमला तेव्हा पाय आपटत खाली गेला आणि पुन्हा हँडलचा आवाज आला. मी पाव उलटला.

सामन्याच्या दिवशी क्लब गच्च भरला होता. कार्लाने आपल्या जागेवर उभं राहून पिशवीतून डबी काढली, उघडली आणि तशीच थांबली. एकाही बुडावर हिरवी रेघ नव्हती.

"ही माझी नाहीत. कोणाची ही?"

"माझी," वाल्फ्रिड मागून म्हणाला. छाती पुढे काढून आला. "तुझ्याच त्या खेळण्यावर भरलीत, तुझीच दारू, तुझ्याच गोळ्या. उडव आणि जिंक. मग बघू लोक काय म्हणतात ते."

"माझी डबी कुठे आहे?"

"आहे सुरक्षित. उडव तू."

कार्लाने डबीचं झाकण लावलं. तिचा आवाज चढला नाही, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "मी दुसऱ्याच्या हातचं काडतूस उडवत नाही, मामा."

"दुसऱ्याच्या?" तो लालबुंद झाला. "मी दुसरा? अगं, तुझ्या नाकाला शेंबूड होता तेव्हापासून माझ्या हातची उडवतेयस तू!"

तिने क्लबच्या काउंटरवरून दुकानी काडतुसं आणून सामना दिला. सवय नसलेली काडतुसं, थोडक्यात हरली. आणि हा माणूस मागे उभा राहून काय म्हणतो? "माझी उडवली असती तर जिंकली असती. थांबा, मीच दाखवतो." त्याने ती डबी उचलली आणि सामना संपल्यावर रिकाम्या झालेल्या जागेवर जाऊन आपलं रिव्हॉल्वर भरायला लागला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हँडलचा आवाज, जिना, कॉफी, पुन्हा हँडल. मला तो आवडत नाही, पण त्याचा हात फुटलेला बघायची माझी तयारी नव्हती.

"वाल्फ्रिड, थांब!" मी ओरडले. "शनिवारी माझ्याशी भांडायला उठलास तेव्हा प्रेसवर पुंगळी होती का?"

"असेल."

"त्यात दारू पडली होती का?"

"मला काय आठवतंय? शंका आली की मी हँडल परत ओढतोच. चाळीस वर्षं—"

आणि तो थांबला. त्याच्या जुन्या प्रेसवर हँडल दोनदा ओढलं काय नि दहादा ओढलं काय, काही बिघडत नाही. दाबलेली पुंगळी पुन्हा दाबली जाते, एवढंच; दारू तिथे वेगळी, हाताने घालायची. टरेटवर चकती न फिरवता दुसऱ्यांदा ओढलं की दुसरी चिमूट पडते. त्याला ते तिथे, सगळ्यांसमोर कळलं. त्याने रिव्हॉल्वर उघडून काडतुसं हातावर ओतली, डबीत टाकली आणि कोणाकडे न बघता कोट घातला.

पण हार मानेल तर तो वाल्फ्रिड कसला. आमच्या मागोमाग आमच्याच घरी आला आणि स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसला. "फोड एकेक. एक जरी वाईट निघालं तर माझं नाव सांगणार नाही."

कार्लाने गोळ्या उपसायची हातोडी आणली. काडतूस तिच्या पोकळ डोक्यात अडकवायचं आणि ठोकायचं. गोळी आणि दारू आतल्या आत सुटते. ती ठोकून बशीत ओतत होती. छोटा ढीग. पुन्हा छोटा ढीग. प्रत्येक ढिगाला हा टेबलावर थाप मारायचा. "बघ! बघ! उगाच चारचौघांत नाचवलंत मला." डबी निम्मी झाली, तेव्हा मलाही वाटायला लागलं की मी विनाकारण किंचाळले.

मग एकातून दारू पडली ती पडतच राहिली. कार्लाने बशी त्याच्यासमोर सरकवली.

तो मग म्हणाला, "म्हणजे मी म्हणत होतो तेच. यंत्रच वाईट."

मी लाटणं फेकून मारणार होते. कार्लाने तिचा उजवा हात त्या बशीशेजारी टेबलावर ठेवला, बोटं पसरून. "मामा, ही डबी तू माझ्या पिशवीत ठेवली होतीस."

वाल्फ्रिडने एका बोटाने बशीतली दारू मधोमध सारली, दोन सारखे ढीग झाले. त्याने एकदा त्या ढिगांकडे बघितलं, एकदा तिच्या बोटांकडे. मग कोटाच्या खिशातून तिची हिरव्या रेघांची डबी काढून टेबलावर ठेवली आणि निघून गेला. मी थांब म्हटलं नाही. दार लावून घेतलं.

शनिवारी तो अजून सौनाला येतो. पाव करपलाय म्हणतो, टॉवेल ओला आहे म्हणतो, शेजाऱ्यांना शिव्या देतो. मी त्याला माफ केलेलं नाही आणि त्याने माफी मागितलेलीही नाही. पण तळघरात तिच्या बाकाजवळून जाताना दोन्ही हात खिशात घालतो आणि भिंतीला चिकटून चालतो. एकदा कार्ला तिथे बसली होती. तिला हसू आलं.

"मामा, काढ की हात बाहेर. यंत्र काय चावतंय का तुला?"

"यंत्राला नाही घाबरत मी," तो खिशातले हात आणखी खोल घालत म्हणाला, आणि सौनात जाऊन आतून दार लावून घेतलं.