दाजींच्या हातचं पाणी

दाजींनी पेचकस हातात घेतला की समजायचं, कुठेतरी कॅमेरा चालू आहे. एरवी त्या हातात चहाचा कप, नाहीतर फोन. ताईशी लग्न झाल्यावर ते ठाण्याहून हैदराबादला आले, कंपनीतली नोकरी सुटली, आणि जामबागेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी गेमिंगचे कॉम्प्युटर बांधून विकायचा धंदा काढला. ‘बांधून’ हा शब्द त्यांचा. बांधत मी होते.

हे कॉम्प्युटर खेळताना भयंकर तापतात. पंख्यांनी भागत नाही, म्हणून आतून नळ्या फिरवायच्या आणि त्यांतून पाणी खेळवायचं. कडक, पारदर्शक नळी गरम हवेवर धरून मऊ करायची आणि हवी तशी वळवायची, हे काम मला मनापासून आवडायचं. ते मला दाखवलं दाजींनीच, म्हणजे एक व्हिडिओ लावून दिला आणि स्वतः झोपायला गेले. तेवढं श्रेय मी त्यांना देते, तेही दातओठ खाऊन.

“लोक काच बघतात, रेवा,” हे त्यांचं आवडतं वाक्य. “काचेआड रंगीत दिवे लागले की निम्मा सौदा झाला.” सांधे कुठे गळतात का हे बघायला मी सुट्टीचा अख्खा दिवस नुसता पंप चालू ठेवायची आणि खाली टिश्यू पेपर अंथरून बसायची. दाजी यायचे, एक कागद उचलायचे, “कोरडा तर आहे,” म्हणायचे आणि त्यालाच हात पुसून जायचे. गिऱ्हाईक आलं की मात्र सोफ्यावरून ताडकन उठत. “एक एक नली मैंने अपने हाथ से मोड़ी है,” असं छाती फुगवून सांगत. माझी ओळख ‘मेहुणी, थोडीफार मदत करते’ अशी व्हायची आणि मदत म्हणजे काय, ते गिऱ्हाइकाला कळावं म्हणून मला चहा आणायला पाठवायचे.

बोलायची सोय नव्हती. आमच्याकडे जावई आला की घर पाहुण्याचं होतं आणि आपण त्यात राहायला आलेलो असतो. त्यांना ज्वारीची भाकरी बाधते म्हणून सगळ्यांच्या ताटातली भाकरी गेली. मी कुरकुरले की आई म्हणायची, “पोरगी दिलीय त्यांना. आपला हात दगडाखाली आहे.” दगड तेवढ्यात पंख्याचा वेग वाढवायला सांगायचा.

एकदा रफिकभाई आले. सिकंदराबादेत त्यांचं कॉम्प्युटरचं मोठं दुकान, बोलणं कमी, नजर तीक्ष्ण. नळ्यांची वळणं बघून त्यांनी विचारलं, “ये काम किसका है?” दाजी म्हणाले, “मेरा.” रफिकभाईंनी दाजींच्या गुळगुळीत बोटांकडे पाहिलं, मग माझ्या बोटांवरच्या फोडांकडे. आधी एक मशीन बांधून द्या, ती नीट चालली तर दुकानाचं असलं सगळं काम तुमच्याकडे देतो, म्हणाले. ते काम मला हवं होतं. दिलसुखनगरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी फीच्या खिडकीमागे बसायची. तिथून सुटायचा तो एकच रस्ता होता.

ती मशीन मी जीव ओतून बांधली. शुद्ध केलेलं पाणी, त्यात शेवाळ न धरायचं औषध, सगळं माझ्या हातानं तपासून ठेवलं. महिना-दीड महिन्यात रफिकभाई ती परत घेऊन आले. नळ्या हिरव्या, आत बुळबुळीत तंतू, पाणी पुढे सरकेना म्हणून मशीन तापून बंद पडत होती. “बेटा, ये मशीन है कि मछलियाँ पालने का डब्बा?” त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत दाजी म्हणाले, “ये वाली रेवती ने बनाई.” इतक्या मशीन गेल्या, गिऱ्हाइकासमोर पहिल्यांदा त्यांनी माझं नाव घेतलं. अंगाची लाही लाही झाली.

झाकण काढून मी वास घेतला. नदीचा वास. तशीच देवघरात गेले. बासरहून आणलेल्या गोदावरीच्या पाण्याची बाटली अर्धी झाली होती. आई भाजी ढवळत म्हणाली, “शुभ कामाला जावईबापूंनी मागितलं, मी दिलं. त्यांच्या हातचं दोन पळ्या पाणी, त्यानं काय बिघडतंय? तू गप्प बस. ताईला ऐकून घ्यावं लागेल.”

मी बाहेर आले आणि सगळ्यांसमोर विचारलं, “दाजी, देवघरातलं पाणी तुम्ही यात घातलंत का?”

“घातलं,” ते शांतपणे म्हणाले. “आमची श्रद्धा आहे. गोदावरीला नावं ठेवतेस तू?”

लबाडीलाही पुण्याईची शाल पांघरणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. रफिकभाई उठले. “पानी पाक है भाई, मैं कब नक्को बोला? पन मशीन को मशीन का पानी होना.” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “कल से दुकान पे आ जाओ बेटा. अकेले आना.”

आठवड्याभरात दाजींनी ताईला घेऊन गच्चीबावलीकडे भाड्यानं घर केलं. जाताना आईच्या पाया पडले, माझ्याकडे बघितलंही नाही. मला बरं वाटलं. पण ताई जिना उतरायला लागली आणि मी तिची पिशवी धरून मागोमाग खालपर्यंत गेले.

आता सिकंदराबादेत गिऱ्हाईक माझं नाव सांगून मशीन मागतं. ताईचा फोन येतो तो दाजी बाहेर गेले की, हळू आवाजात. परवा मी तिला म्हटलं, जेवताना तरी कधी माझा विषय काढत जा, सवयीनं राग जाईल त्यांचा.

“तुझं नाव निघालं की ते ताटावरून उठतात,” ताई म्हणाली. “मग मलाही उठावं लागतं.”