अमृतसरच्या दरवाजावरचे तेलाचे डाग

ती केस आठवली, की आजही हातातला चहा तसाच गार होतो.

शाळा मी पंधराव्या वर्षी सोडली. पुढे जे शिकलो ते लंडनजवळच्या वॉटफर्डच्या पोलीस ठाण्यात. कागद मला कमी कळतो, पण माणूस ओळखायला मी चुकत नाही, असं बायकोला कायम ऐकवत आलो. त्या केसमध्ये चुकलो.

एका सोमवारी ऐंशीच्या पुढची एक पंजाबी बाई काउंटरवर आली. सगळे तिला बीजी म्हणत.

"पुत्तर, माझ्या सासरचा दरवाजा चोरीला गेलाय. अमृतसरहून. वेम्बलीत एका दुकानात विकायला उभा आहे."

काउंटरवरची पोरगी हसली. मी नाही हसलो. साठीला टेकलेल्या माणसाला पुत्तर, म्हणजे बाळा, म्हणणारी बाई उगाच येत नाही.

बीजीला घेऊन दुकानात गेलो. सागवानी दरवाजा, दोन्ही फळ्यांवर कोरलेले मोर. दुकानदाराने कागद पुढे केले. माल नवा, मुद्दाम जुना दिसेल असा बनवलेला. कागद चोख होते.

बीजी खाली वाकली. चौकटीच्या तळाशी दोन्ही बाजूंना काळे डाग होते.

"सून घरात आली, कुणी परदेशाहून परत आलं, की इथे दोन्ही बाजूंना सरसूचं, म्हणजे मोहरीचं, तेल ओततात. माझ्या वेळी सासूने ओतलं होतं."

आपल्याकडे नवरी माप ओलांडते, तसंच हे. मी सुताराला बोलावून तिथे बारीक भोक पाडून घेतलं. तेल बोटभर आत मुरलेलं, वाससुद्धा आला. नव्या लाकडात पिढ्यांचं तेल कुठून मुरणार? दुकानदाराचा चेहरा उतरला आणि त्याने माल देणाऱ्याचं नाव सांगितलं.

नाव ऐकून मी तिथल्याच एका स्टुलावर बसलो.

तो बीजीचा सख्खा भाचा, तिला मासी, म्हणजे मावशी म्हणणारा. आमच्या वॉटफर्डच्या सार्वजनिक हॉलमध्ये अमृतसरच्या वारशावर व्याख्यान देणारा विद्वान गृहस्थ. कटरा म्हणजे स्वतःची वेस असलेली पेठ, तिथल्या विटा आपल्या विटांहून कशा पातळ, भिंतींवरची चित्रं कशी पुसली जाताहेत, हे त्याने पडद्यावर फोटो दाखवून सांगितलं होतं. हेच मोर मी पहिल्या रांगेतून पाहिले होते, आणि दुकानात ओळखले नव्हते. "हे वाचवा," असं तो म्हणाला, तेव्हा टाळ्या वाजवायला सगळ्यांत आधी मी उठलो होतो.

ठाण्यात वकील शेजारी, टेप चालू. बोलाल ते पुरावा म्हणून वापरलं जाईल, अशी कॉशन मी दिली. वाटलं, नो कॉमेंट म्हणेल. तो आरामात बोलला.

"अमृतसरच्या घराचं कुलूप कसं फोडलंत?"

"फोडलं नाही. चावी होती."

"कुणी दिली?"

"मासीने. व्याख्यानासाठी फोटो काढायचे होते. तिकडे वाळवी खाणार होती, साहेब. मी तो दरवाजा वाचवला."

"मग मासीला का नाही सांगितलंत?"

त्याचा कॉम्प्युटर तपासला. पडद्यावरचा प्रत्येक फोटो आधीच दुकानदाराला गेला होता. आम्ही ज्यावर टाळ्या वाजवत होतो, ती मालाची यादी होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एवढा हादरलो नव्हतो.

बीजीला मीच सांगितलं. चावी फक्त फोटोंसाठी दिली होती, एवढा तिचा जबाब हवा होता. त्याशिवाय केस उभी राहणार नव्हती.

"याला मी माझ्या हाताने भरवलंय," ती म्हणाली. मग सही केली.

त्याला तुरुंगवास झाला. दरवाजा परत पाठवायच्या दिवशी बीजी तेलाची बाटली घेऊन मुद्देमालाच्या खोलीत आली.

"बीजी, इथे असं चालत नाही," मी म्हणालो.

"तू तुझी वही लिही."

मी पाठ फिरवून वही लिहीत बसलो. वळून पाहिलं तर तेल एकाच बाजूला.

"आणि दुसरी बाजू?"

"तो सुटून घरी येईल, तेव्हा. मी असले तर."

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. मी त्याला त्या दारात पाऊल ठेवू दिलं नसतं. एवढं मात्र कबूल करतो, माणूस ओळखता येतो असं त्या दिवसापासून बायकोला ऐकवलेलं नाही.